उरकुडाजींचा लाल रंग

उरकुडाजी,

तुम्ही गेल्याचं मला बुधवारी ओपीडीत कळलं. उमरेडचा एक म्हातारा मशीनवर हनुवटी टेकवून बसला होता. मी त्याच्या डोळ्यात उजेड टाकून बघत होते आणि तो तसाच बसल्या बसल्या म्हणाला, बाई, तुमचे ते सुतवाले उरकुडाजी गेले, मागच्या रविवारी. मी त्याला म्हटलं, बोलू नका, डोळा हलतो. त्याचा डोळा पाहून झाला, चिठ्ठी लिहून झाली, मागची रांग संपली. मग मी उठून हात धुतले आणि बराच वेळ धूतच राहिले.

शनिवारी नागपूरहून एसटीने उमरेडला जाऊन आले. तुमच्या सारजाबाईंनी मला आत, मागाजवळ बसवलं. तिथे त्यांनी जे सांगितलं, त्यामुळे हे लिहिते आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं होतं. शिवाय एक गोष्ट मी तुम्हाला कधीच सांगितली नव्हती. तुम्हीही मला एक सांगितली नव्हती, हे शनिवारी कळलं.

आधी माझी सांगते.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी डोळ्यांच्या विभागात शिकत होते. डॉक्टर होऊन फार दिवस झाले नव्हते आणि आपल्याला बरंच कळतं असं वाटण्याचं वय होतं. तुम्हाला छातीच्या विभागाने पाठवलं होतं. टीबीचं औषध सुरू होऊन चार-पाच महिने झाले होते, खोकला थांबला होता, वजन वाढत होतं. कागदावर तक्रार लिहिली होती, 'नजर कमी'. तुम्ही म्हणालात, नजर नाही बाई, लाल रंग मळल्यासारखा दिसून राहिला. मी तुम्हाला तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. शेवटच्या एक-दोन ओळी सोडल्या तर तुम्ही सगळं वाचलंत. मी बाहुली मोठी करायचे थेंब घालून डोळ्याचा पडदा पाहिला. पडदा स्वच्छ, नसेचं टोक गुलाबी, जसं असायला हवं तसं. मी म्हटलं, डोळे चांगले आहेत, आजारपणाचा अशक्तपणा आहे, गोळ्या चालू ठेवा. ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

तुम्ही उठता उठता पुन्हा म्हणालात की लाल आणि तपकिरी सूत सारखंच दिसतं. मी म्हटलं, कंदिलाच्या उजेडात काम करत असाल. तुम्ही म्हणालात, नाही, दिवसा करतो. तोवर मी पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

विभागात रंग तपासायचं, रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायचं छापील पुस्तक होतं. ते आमच्या विभागप्रमुख साहेबांच्या कपाटात कुलपात असे, किल्ली मागावी लागे. मी मागितली नाही.

दीड महिन्याने तुम्ही परत आलात ते सारजाबाईंचा हात धरून. पिशवीत एक लुगडं होतं. गांधीबागेतल्या व्यापाऱ्याने ते परत केलं होतं. तुम्ही ते माझ्या टेबलावर उलगडलंत. अर्ध्यापर्यंत लाल काठ आणि तिथून पुढे तपकिरी. सुताची कांडी बदलताना तुम्हाला फरकच कळला नव्हता. पंचवीस वर्षं माग चालवणाऱ्या माणसाने ते लुगडं विणलं होतं. मी विचारलं, आता समोर काय दिसतं?

"तुमचे कान दिसतात, केस दिसतात," तुम्ही म्हणालात. "तोंड नाही दिसत."

आता मी किल्ली मागितली. पुस्तकातला एकही आकडा तुम्हाला ओळखता आला नाही. पडदा मात्र अजूनही स्वच्छच होता. मी दुपारभर लायब्ररीत बसले आणि सापडायला हवं होतं ते सापडलं. इथॅम्ब्युटॉल नावाची टीबीची गोळी काही जणांच्या डोळ्याच्या नसेवर परिणाम करते. डोळ्याने पाहिलेलं मेंदूपर्यंत नेणारी ही नस डोळ्याच्या मागे दुखावते, म्हणून सुरुवातीला डोळ्यात बघणाऱ्या डॉक्टरला काहीच दिसत नाही. बहुतेकदा आधी रंग बिघडतात, लाल आणि हिरवा. गोळी तेव्हाच थांबवली तर नजर परत येण्याची शक्यता जास्त असते. तुम्ही पहिल्या दिवशी मला नेमकं हेच सांगत होता.

छातीच्या डॉक्टरांनी तुम्हाला भरती केलं, कुरकुर करत ती गोळी बंद केली आणि दुसरी दिली. मी वॉर्डात येऊन तुम्हाला सांगितलं की हे औषधामुळे झालं.  तुम्ही विचारलंत, मागच्या खेपेलेच समजलं असतं, तं?

मी म्हटलं, "सांगता येत नाही."

सांगता येत होतं, उरकुडाजी. अगदी खात्रीने नाही, पण सांगता येत होतं. दीड महिना आधी गोळी थांबली असती तर तुमची नस इतकी दुखावली नसती, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. मी चुकले होते. पुढे अकरा वर्षं आपण दर आठवड्याला भेटत होतो आणि हे वाक्य माझ्याच्याने बोलवलं नाही. आज लिहिते आहे, तर तुम्ही नाही.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तुम्हाला माझं तोंड दिसायला लागलं. तुम्ही सारजाबाईंना म्हणालात, बाई तं लहान पोरगीच आहे. त्या हसल्या. मीही हसले, पण मला ते लागलं होतं.

याच सुमारास मी साहेबांकडे गेले आणि म्हटलं, प्रबंधासाठी मला हाच विषय हवा. टीबीच्या गोळीवर असलेल्या प्रत्येक पेशंटचे रंग दर महिन्याला तपासायचे. साहेब म्हणाले, करा, पण पुस्तक नीट वापरा, एकच आहे. आठवड्याभरातच कळलं की पुस्तकाचा उपयोग नाही. खेड्यातल्या बायांना आकडे येत नव्हते. आकड्यांऐवजी ठिपक्यांतल्या रेघेवरून बोट फिरवा म्हटलं की त्यांना ती परीक्षा वाटे आणि त्या हात मागे घेत. एक बाई तर पुस्तक पाहूनच उठून गेली.

मार्ग तुम्ही काढलात. म्हणालात, सूत देऊन पाहा, सूत कोणालेही समजते. पुढच्या खेपेला सारजाबाईंनी घरी रंगवलेल्या लहान लहान लड्या घेऊन तुम्ही दोघं आलात. लाल, तपकिरी, हिरव्या, राखी, पिवळ्या, गडद आणि फिक्या. बाकावर चादर घालून आपण त्या मांडल्या. मी तुम्हाला म्हटलं, ज्या सारख्या दिसतात त्या जवळ जवळ ठेवा. तुम्ही जोड्या लावायला लागलात. लालजवळ तपकिरी ठेवली, हिरव्याजवळ राखी. सारजाबाईंना आधी हसू आलं. मग त्यांनी तोंडाला पदर लावला आणि त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. तुम्हाला ते कळलं. तुम्ही जोड्या लावत राहिलात.

तुम्ही लावलेल्या चुकीच्या जोड्या मी वहीत उतरवून घेतल्या. तीच आमची तपासणी झाली. ज्या रंगांत तुम्ही फसलात त्याच लड्या आम्ही पेशंटपुढे ठेवू लागलो, कारण औषध नसेला धरतं तेव्हा माणूस नेमका तिथेच फसतो. परदेशात लोकरीच्या लड्यांनी रंगांधळेपणा तपासण्याची जुनी रीत आहे हे मी नंतर वाचलं. तुम्ही ते वाचलेलं नव्हतं. तुम्हाला सूत माहीत होतं.

मग दर बुधवारी तुम्ही पहिल्या एसटीने यायला लागलात. छातीच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर चादर पसरून बसायचात. बायांशी तुम्ही असं बोलायचात की त्यांना वाटे हा लुगड्याची पसंती विचारतो आहे. लाल काढ वं माय, लाल लाल सारे इकडे ठेव. त्या हसत हसत निवडत आणि मी बाजूला बसून लिहीत असे. कोणी लालमध्ये तपकिरी टाकली की तुम्ही काही न बोलता फक्त माझ्याकडे बघायचात. त्या माणसाची गोळी त्याच दिवशी थांबे. त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्याला काय होणार होतं हे कधी कळलंही नाही.

आणि आपलं भांडण तिथूनच सुरू झालं.

तुमचं म्हणणं असं की हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे. गोळी हातात देतानाच सांगायचं, ही डोळ्याले धरू शकते, रंग बदलला का धावत ये. माझं म्हणणं, टीबीच्या माणसाला आधीच औषधाचा कंटाळा असतो. चार महिन्यांत बरं वाटलं की तो सोडून देतो. त्यात डोळे जातील असं सांगितलं तर तो गोळ्या नालीत टाकेल आणि वर्षभरात मरेल. आपण महिन्याला तपासतो ना, मग भीती कशाला घालायची? साहेबांचंही हेच मत होतं आणि मला साहेबांचं मत असणं सोयीचं होतं.

एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत हे फार वाढलं. तुमच्या डब्यात भाकर आणि अंबाडीची भाजी होती. तुम्ही डबा उघडला, पण खाल्लं नाही.

"मले कोणं सांगितलं होतं, बाई?" तुम्ही म्हणालात. "रंग मळायले लागला तं मी समजलो का माहाच हात बिघडला. महिनाभर घरी कोणाले बोललो नाही. लाज वाटे. गोळीचं आहे म्हणून कोणी सांगितलं असतं, तं मी त्याच दिवशी आलो असतो."

मी म्हटलं, तुम्ही शहाणे आहात, सगळे तसे नसतात.

"सगळे काहून नसतात?" तुम्ही विचारलंत. "आमी रोज सकाळी पंचशील म्हणतो. खोटं बोलणार नाही, असं त्यात आहे. न सांगणं बी खोटंच आहे, बाई."

मला राग आला. मी म्हटलं, हे दवाखान्याचं काम आहे, विहारातलं नाही. ते बोलायला नको होतं. दीक्षेच्या वेळी तुम्ही उमरेडहून नागपूरला पायी आला होता आणि तो दिवस तुमच्यासाठी काय होता हे मला ठाऊक होतं. तुम्ही डबा बंद केलात.

पुढच्याच महिन्यात मला समजलं की तुम्ही बाकावर बसून पेशंटना सांगत आहात. लड्या निवडता निवडता हळूच सांगायचात. या गोळीनं रंग जाऊ शकतात, गेले तं बुधवारची वाट पाहू नका, लगेच या, माह्ये गेले होते, आले परत. एका बाईने घाबरून मला विचारलं तेव्हा मला हे कळलं. मी तुम्हाला बाजूला घेतलं आणि म्हटलं की यापुढे असं चालणार नाही, माझा प्रबंध आहे, सगळं बिघडेल. तुम्ही चादरीची घडी घातलीत, लड्या पिशवीत भरून पिशवी माझ्या टेबलावर ठेवलीत आणि गेलात.

दोन महिने तुम्ही आला नाहीत. बाकावर मी स्वतः बसले. बाया माझ्यापुढे लड्यांना हात लावायला बिचकत. तपासणीला कोण आलं, कोण नाही, हे मी रोज वहीत लिहीतच होते. एक दिवस मागची पानं चाळताना दिसलं की तुम्ही ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, ते पळाले नव्हते. उलट त्यातले दोघं बुधवार नसताना, मधल्याच दिवशी, रंग बदलला म्हणून धावत आले होते. ज्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं, ते नेहमीसारखेच मधून मधून गळत होते.

मी तुम्हाला पोस्टकार्ड टाकलं, 'बुधवारी या.' एवढंच लिहिलं. तुम्ही आलात. मी तुम्हाला सांगा म्हटलं नाही आणि सांगू नका असंही म्हटलं नाही. तुम्ही सांगत राहिलात आणि मी ऐकू येत नसल्यासारखं लिहीत राहिले. कोण बरोबर होतं हे आपण कधी ठरवलं नाही. प्रबंधात मी लिहिलं की पेशंटना माहिती देण्याबाबत अधिक अभ्यास व्हायला हवा. अशा वाक्याने डॉक्टरला काहीच करावं लागत नाही.

प्रबंधाच्या शेवटी तुमची तपासणी मी पुन्हा केली. नजर जवळजवळ पहिल्यासारखी झाली होती. मग लड्या मांडल्या आणि म्हटलं, लाल काढा. तुम्ही सावकाश, एकेक लडी बोटांत फिरवत सगळ्या लाल काढल्यात. एकही चूक नाही. मी इतकी खूश झाले की विभागात सगळ्यांना सांगत सुटले. सीताबर्डीवरून पेढे आणून वाटले. पुढे नियतकालिकात छापून आलेल्या शोधनिबंधात पहिला रुग्ण म्हणून तुम्हीच आहात. उमरेडचा विणकर, रंगदृष्टी पूर्ण परतली. नाव घालायचं नसतं म्हणून नाव नाही. आभारातही फक्त 'एका रुग्णाचं सहकार्य' एवढंच आहे. तिथे तुमचं नाव घालता आलं असतं. साहेबांनी खोडलं आणि मी पुन्हा लिहिलं नाही.

आता शनिवारचं.

सारजाबाईंनी चहा दिला. तुमच्या शेवटच्या दिवसांचं सांगितलं. छातीत दुखलं, मागावरून उठलात, पाणी मागितलंत आणि सगळं पंधरा मिनिटांत संपलं. मागावर अर्धं लुगडं तसंच होतं, लाल काठाचं. मी सहज म्हटलं, रंग परत आले म्हणून इतकी वर्षं विणता तरी आलं त्यांना.

सारजाबाईंनी कप खाली ठेवला.

"गोळीनंतर लाल त्यायले कधी दिसलाच नाही, बाई," त्या म्हणाल्या. "कांड्या मी भरून द्यायची. डाव्या टोपलीत लाल, उजव्या टोपलीत बाकीच्या. असंच चाललं."

मी म्हटलं, मी स्वतः तपासलं होतं. त्या उठल्या, आतून सुताच्या दोन लड्या घेऊन आल्या आणि माझ्या हातात देऊन म्हणाल्या, डोळे मिटा. लाल सूत बोटाला किंचित करकरीत लागत होतं, तपकिरी मऊ होतं. सूत रंगवायला वापरलेल्या रंगामुळे पडलेला फरक होता. मलासुद्धा कळला. तुमच्या बोटांना तर न कळून कसं चालेल? सुरुवातीला मी जोड्या लावायला सांगितल्या तेव्हा तुम्ही प्रामाणिकपणे डोळ्यांनी लावल्या होत्या. शेवटच्या तपासणीला हातांनी. लडी बोटांत फिरवणं मला विणकराचं वळण वाटलं. हात न लावता दाखवा, असं मी म्हटलं नाही. पुस्तकही पुन्हा काढलं नाही, आणि तोवर तर किल्ली माझ्याकडेच असायची. मला हवं ते उत्तर मिळालं होतं.

मी विचारलं, का लपवलं मग?

त्या म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही लई खूश झाल्या होत्या, त्यायच्यानं सांगणं झालं नाही. पुढच्या बुधवारी सांगतो म्हणत होते. मग बाकावर लोकायले सांगून राहिले होते ना, माह्ये गेले न परत आले म्हणून. ते ऐकून लोक गोळी खायचे. नाही आले म्हटलं असतं, तं कोणं खाल्ली असती? पंचशील म्हणताना एका जागी थांबायचे, बाई, मले समजे.

परतीच्या एसटीत मी हाच विचार करत होते. तुम्ही मला म्हणत होता, खरं सांगा. आणि लोकांनी औषध सोडू नये म्हणून तुम्ही दर बुधवारी एक खोटं बोलत होता. म्हणजे माझंच म्हणणं तुम्ही तुमच्या तोंडाने पाळलंत, आणि त्याचं ओझं एकट्याने वाहिलंत. मी मात्र तुमच्याविरुद्ध भांडले आणि माझा निबंध तुमच्या खोट्यावर उभा केला. हे मला हसण्यासारखं वाटलं नाही आणि रडावंसंही वाटलं नाही. खिडकीबाहेर उमरेडच्या खाणीकडून येणारे ट्रक जात होते. मी ते मोजत बसले.

सोमवारी मी नियतकालिकाच्या संपादकांना पत्र पाठवलं. पहिल्या रुग्णाची रंगदृष्टी परतली नव्हती, तपासणीत दोष होता, दोष माझा होता, असं लिहिलं. लड्यांची तपासणी हात न लावता करावी हेही लिहिलं. सारजाबाईंना विचारून तुमचं नावही लिहिलं, रुग्ण म्हणून नव्हे, ही तपासणी तयार करणारा माणूस म्हणून. ते छापतील की नाही मला माहीत नाही.

आणि काल बुधवार होता. बाकावर मी बसले. भिवापूरकडची एक बाई आली होती, पस्तिशीची, टीबीची पहिलीच चिठ्ठी हातात. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं की ही गोळी कधी कधी डोळ्याच्या नसेला धरते, रंग बदलले तर त्याच दिवशी या.

तिने विचारलं, "मंग परत येतात ना रंग?"

मी म्हटलं, "बहुतेकांचे येतात. आमच्या एका माणसाचा लाल आला नाही."

 मला वाटलं, ती आता उठून जाईल. मीच म्हणत होते ना की लोक असंच करतात.

"मंग काय केलं त्यानं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, टीबीतून बरा झाला, अकरा वर्षं लुगडी विणली, आणि दर बुधवारी इथे येऊन लोकांचे डोळे राखले.

तिने चिठ्ठीची घडी घालून कमरेला खोचली आणि विचारलं की गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या का नंतर.